स्वालबार्डच्या फियॉर्डमधून छोट्या जहाजाने: तयारीपासून किनाऱ्यावर उतरेपर्यंत

आर्क्टिकच्या जहाजसफरीच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो: कठड्याला टेकलेले प्रवासी आणि समोर हाकेच्या अंतरावर पांढरं अस्वल. स्वालबार्डमध्ये आता तसं होत नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे १ मार्च ते ३० जून या काळात ध्रुवीय अस्वलापासून किमान ५०० मीटर आणि उरलेल्या वर्षात किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं. मग एवढे पैसे खर्चून जायचं कशाला, असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं असं, की लांबून बघायची तयारी करून गेलात तर ही सफर मनासारखी होते. ती तयारी जहाज निवडताना सुरू होते. कपडे, दुर्बीण, बोटीत बसायची पद्धत हे सगळं त्यानंतर येतं. त्याच क्रमाने सांगतो.

कुठे आणि कधी

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या उत्तरेला ७४ ते ८१ अंश अक्षांशांदरम्यान पसरलेला द्वीपसमूह. त्यातलं सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गन. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह लागतो, त्यामुळे एवढ्या उत्तरेलाही उन्हाळ्यात जहाजं सहज फिरतात. पूर्वेकडे थंड पाणी आणि बर्फ जास्त. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळे मार्ग त्यावरच बेतलेले असतात. आठवडाभराच्या सफरी बहुधा पश्चिम आणि उत्तर किनारा करतात. पूर्ण प्रदक्षिणा घालणाऱ्या सफरी दहा दिवसांच्या आसपास असतात आणि त्या जुलैच्या मध्यापासून पुढे ठेवलेल्या असतात, तोवर पूर्वेचा बर्फ मोकळा होतो.

मे आणि जूनच्या सुरुवातीला डोंगर पांढरे असतात, काही फियॉर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्यांच्या) आतल्या टोकांना समुद्र अजून गोठलेला असतो आणि पक्षी नुकते कड्यांवर परतलेले असतात. जुलैमध्ये टुंड्रावर फुलं येतात, रेनडिअर चरताना दिसतात, कड्यांवर पिल्लं असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात बरेच समुद्रपक्षी कडे सोडून गेलेले असतात, पण पाणी सर्वांत मोकळं असतं. लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावी साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही. मला विचाराल तर पक्षी आणि बर्फ दोन्ही हवे असतील तर जूनचा शेवटचा पंधरवडा ते जुलैचा पूर्वार्ध निवडा. फक्त हे लक्षात ठेवा, की ३० जूनपर्यंत अस्वलासाठी ५०० मीटरचा नियम असतो.

जहाज निवडताना काय विचारायचं

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. एकदा पैसे भरले की बाकीचं बरंचसं ठरून जातं.

पहिला प्रश्न प्रवासीसंख्येचा. स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना आता जाता येत नाही, आणि जमिनीचा सुमारे ६५ टक्के भाग संरक्षित आहे. म्हणजे तिथे पोचणारं कुठलंही जहाज तुलनेने छोटंच. पण १८० जणांच्या आणि ५० जणांच्या जहाजात फरक मोठा आहे. जास्त माणसं असली की किनाऱ्यावर पाळ्या लावून उतरावं लागतं. एक गट खाली असताना दुसरा जहाजावर वाट बघतो. शंभरच्या आत सगळे बहुधा एकाच वेळी उतरू शकतात. बारा-वीस जणांच्या शिडाच्या बोटीही असतात. त्यांवर शांतता विलक्षण, पण समुद्र उसळला की हेलकावे जास्त, केबिन लहान आणि बाथरूम कधी सामाईक. ज्यांना समुद्र लागतो किंवा रात्री वारंवार उठावं लागतं, त्यांनी ५० ते १०० प्रवाशांचं जहाज घ्यावं.

दुसरा प्रश्न मोकळ्या डेकचा. जहाजाला पुढच्या टोकापर्यंत चालता येईल असा उघडा डेक आहे का? कॅप्टन असतो त्या ब्रिजवर प्रवाशांना जाऊ देतात का? प्राणी लांबून बघायचे असतील तर दिवसाचे कित्येक तास इथेच जाणार. बाल्कनीच्या केबिनसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा चांगला डेक असलेल्या जहाजावरची खालची, गोल खिडकीची केबिन घ्या. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि व्हेल नेमका दुसऱ्या बाजूला वर येतो.

तिसरा प्रश्न मार्गदर्शकांचा: किती प्रवाशांमागे एक? त्यांच्यात पक्षी जाणणारा, भूगर्भशास्त्र जाणणारा कोणी आहे का? कंपनी एइको या आर्क्टिक एक्स्पिडिशन क्रूझ चालकांच्या संघटनेची सदस्य आहे का, हेही विचारा. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेची प्राणी, वनस्पती आणि जुन्या अवशेषांजवळ कसं वागायचं याची नियमावली आहे आणि जबाबदार कंपन्या ती पाळतात.

चौथा प्रश्न बरेच जण विसरतात. संरक्षित क्षेत्रांत प्रवाशांना उतरवायला आता फक्त ४३ ठिकाणी परवानगी आहे. जुन्या माहितीपत्रकांत आणि इंटरनेटवरच्या जुन्या प्रवासवर्णनांत असलेली काही ठिकाणं त्यामुळे बाद झाली आहेत. कंपनी दाखवते तो मार्ग २०२५ नंतरच्या नियमांप्रमाणे आहे ना, हे लेखी विचारून घ्या. आणि तो मार्गसुद्धा 'अंदाजे' असतो हे मनाशी पक्कं करा. वारा, धुकं, बर्फ आणि अस्वलं बघून रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा बेत ठरतो. अमुक ठिकाणी नेलं नाही म्हणून भांडणारा प्रवासी स्वतःचीच सफर नासवतो.

खर्च? आठवडाभराच्या सफरीचे एका माणसाला साधारण चार हजार युरोपासून पुढे लागतात, प्रदक्षिणेला आणि वरच्या केबिनला त्याच्या दुप्पट-तिप्पट. तिघा-चौघांची केबिन सर्वांत स्वस्त. विमान, व्हिसा, विमा, आधीचा मुक्काम आणि जहाजावरची टिप वेगळी धरा.

व्हिसा, विमान आणि विमा

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. तरीही भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) घ्यावाच लागतो, कारण वाट नॉर्वेतून जाते. इथे एक खाच आहे. नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, स्वालबार्ड नाही. ऑस्लो किंवा उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून लाँगइयरब्येनच्या विमानात बसताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. त्यामुळे व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागा आणि सोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा. व्हिसा हातात आला की सर्वांत आधी प्रवेशसंख्येचा रकाना वाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भरलेल्या असतात, तेव्हा लवकर करा.

व्हिसा न लागण्यामागे १९२० चा स्वालबार्ड करार आहे. पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० ला झालेल्या या कराराने नॉर्वेला सार्वभौमत्व दिलं, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क राहिले. त्यावर तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने भारताच्या वतीनेही सही केली होती.

जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी लाँगइयरब्येनला पोचा. धुक्यामुळे विमानं लांबतात, सामान मागे राहतं आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. गरम कपड्यांचा एक पूर्ण जोड, औषधं आणि दुर्बीण हातातल्या बॅगेत ठेवा.

व्हिसासाठी लागणारा ३० हजार युरोंचा विमा इथे पुरेसा समजू नका. लाँगइयरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. पॉलिसीत 'मेडिकल इव्हॅक्युएशन' आणि दुर्गम भागातली सुटका स्पष्ट लिहिलेली हवी, आणि स्वालबार्ड व क्रूझ दोन्ही तिच्यात बसतात का हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.

खाण्याबद्दल एक सूचना. शाकाहारी जेवणाची नोंद बुकिंग करतानाच करा, जहाजावर मधेच किराणा भरता येत नाही. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची छोटी बाटली घ्यायला हरकत नाही. तूप, पेढे, बर्फी, चीज मात्र नको: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत.

कपडे आणि दुर्बीण

जुलैत लाँगइयरब्येनचं सरासरी तापमान ६-७ अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून महाबळेश्वरचा स्वेटर पुरेल असं वाटतं. पण उघड्या रबरी बोटीत, हिमनदीवरून येणाऱ्या वाऱ्यात तासभर न हलता बसल्यावर अंगातली ऊब जाते. म्हणून थरांचा हिशेब. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा पातळ स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि अंग गार करते. सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक विसरली जाणारी वस्तू म्हणजे पाणी न शिरणारी सैल पँट. बोटीची बसायची कड ओलीच असते. ही पँट गमबुटाच्या बाहेरून खाली सोडायची, आत खोचली तर लाटेचं पाणी थेट बुटात.

गमबूट बहुतेक जहाजं देतात. माप आधी कळवा आणि दोन जोड मोजे घालून बसेल असं मागा. हातमोजे दोन: आत पातळ, बाहेर जाड. कानटोपी, गळपट्टी, गॉगल, सनस्क्रीन आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी.

आता दुर्बीण. माझ्या मते कॅमेऱ्याच्या आधी हिच्यावर खर्च करावा, आणि प्रत्येकाची वेगळी हवी. नवराबायकोत एक दुर्बीण म्हणजे ऐन क्षणी दोघांपैकी एकाला काही दिसत नाही. आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलीमीटर भिंगाची, पाण्याने खराब न होणारी दुर्बीण योग्य. त्यातून ३०० मीटरवरचं अस्वल सुमारे ३८ मीटरवर असल्यासारखं दिसतं, ५०० मीटरवरचं साधारण ६३ मीटरवर. एवढ्यात चाल, मान वर करून वास घेणं, पिल्लांची मस्ती सगळं दिसतं. बारापट दुर्बीण हलत्या जहाजावर स्थिर राहत नाही. घरून निघण्याआधी आठ-दहा दिवस गच्चीतून घारी-बगळ्यांवर सराव करा: नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणता आली पाहिजे.

कॅमेऱ्याला ३००-४०० मिलीमीटरपर्यंतची लेन्स असेल तर उत्तम. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. बाहेरून आल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच केबिनमध्ये नेऊन तासभर तसाच ठेवा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. ड्रोन घरीच ठेवा, संरक्षित क्षेत्रांत त्याला बंदी आहे.

बोटीत चढणं-उतरणं

जहाजापासून किनाऱ्यापर्यंत झोडियाक या रबरी मोटरबोटींतून नेतात. बाजूच्या शिडीवरून खाली उतरायचं, ती उभी आणि ओली असते. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवरच्या पाणबंद पिशवीत. बोटीतला माणूस हात पुढे करेल तेव्हा त्याचा पंजा धरू नका. एकमेकांचं मनगट, किंवा त्याच्याही वर, कोपराखालचा भाग पकडायचा. ती पकड सुटत नाही. पाय आधी रबरी कडेवर, मग पायरीवर, मग तळाला, लगेच बसायचं आणि बसूनच पुढे सरकायचं. परवानगीशिवाय उभं राहायचं नाही. किनाऱ्यावर बोटीच्या कडेवरून पाय बाहेर टाकून उथळ पाण्यात उतरायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दोन महिने आधीपासून रोज जिने चढ-उतर करावी आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचा सराव करावा. या दोन गोष्टी जमल्या की बोट जमते.

जहाज सोडताना फळ्यावरचा आपला क्रमांक उलटवायचा आणि परत आल्यावर सरळ करायचा. कोणी किनाऱ्यावर राहिलं का, हे त्यावरूनच कळतं.

उतरण्याआधी आणि आल्यावर बूट जंतुनाशक पाण्यात धुवायचे. बॅगेच्या चेन, वेल्क्रो, खिसे यांत अडकलेलं गवताचं बी काढून टाकायचं. ही औपचारिकता समजू नका. २०२२ पासून स्वालबार्डच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला आहे आणि २०२३ मध्ये तिथल्या होपेन बेटावर मृत सापडलेल्या वॉलरस या लांब सुळ्यांच्या सागरी प्राण्यामध्येही तो निघाला. म्हणूनच जमिनीवर बसायचं, गुडघे टेकायचं किंवा बॅग ठेवायचं टाळायला सांगतात.

किनाऱ्यावर

प्रवासी उतरण्याआधी मार्गदर्शक पुढे जाऊन टेकाडांवरून परिसर बघून घेतात. त्यांच्याजवळ रायफल आणि आवाजाने-प्रकाशाने अस्वलाला पळवणारी सिग्नल पिस्तुलं असतात. चालण्याच्या ताकदीप्रमाणे गट पडतात. आपली ताकद प्रामाणिकपणे सांगा, सावकाश चालणाऱ्या गटाला बहुधा जास्त बघायला मिळतं. मार्गदर्शकाच्या पुढे जायचं नाही, फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही. अस्वल दिसल्याची सूचना आली तर सगळ्यांनी एकत्र येऊन, न धावता बोटींकडे जायचं. स्वालबार्डमध्ये अस्वलाला १९७३ पासून संरक्षण आहे आणि माणसाच्या निष्काळजीपणाची किंमत अस्वलाने गोळी खाऊन द्यावी, अशी वेळ आणायची नाही.

काहीही उचलायचं नाही. १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण तिथे कायद्याने जपलेला वारसा आहे: गंजलेला खिळा, मोडकी फळी, शिकाऱ्यांच्या काळातली व्हेलची हाडंसुद्धा. मॅग्दालेना फियॉर्डमध्ये १७-१८ व्या शतकांतल्या व्हेल शिकाऱ्यांची कबरस्तानं आहेत. तिथे दोरीच्या बाहेरूनच बघायचं.

काय बघाल आणि कसं बघाल

लीफ्दे फियॉर्डच्या टोकाला मोनाको हिमनदी समुद्राला मिळते. हिमनदीच्या बर्फाच्या भिंतीसमोर बोट काही शे मीटरवर थांबते, कारण कडा कोसळला की लाट उठते. भिंतीच्या पायथ्याशी शेकडो किटिवेक पक्षी घिरट्या घालताना दिसतील. हिमनदीखालून येणारं गोडं पाणी हलकं असल्याने वर उसळतं आणि सोबत खोल पाण्यातले सूक्ष्म जीव वर आणतं. पक्ष्यांसाठी ते ताट वाढून ठेवलेलं असतं. तरंगत्या तुकड्यांवर लांब मिशांचे दाढीवाले सील पहुडलेले असतात. मार्गदर्शकाला इंजिन बंद करायला सांगा. बर्फात अडकलेली जुनी हवा सुटताना होणारी तडतड मग ऐकू येते.

अस्वल शोधायचं तर पांढरा रंग शोधू नका. ते बर्फापेक्षा पिवळसर दिसतं. बर्फाच्या कडेने, किनारपट्टीने नजर सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. वसंतात फियॉर्डच्या गोठलेल्या समुद्रावर वलयांकित सीलची पिल्लं असतात आणि अस्वलांची वर्षभराची चरबी बरीचशी तेव्हाच जमते. पिल्लं घेऊन बिळातून बाहेर आलेल्या माद्याही त्याच दिवसांत तिथे असतात. मार्च ते जून अंतर जास्त ठेवलंय ते यासाठी. अस्वलाने तुमच्याकडे ढुंकूनही न बघता तासभर आपला उद्योग चालू ठेवला, तर तुम्ही त्याचं खरं वागणं पाहिलंत असं समजा. जवळ गेल्यावर ते दिसत नाही, फक्त पळून जाणारी पाठ दिसते.

हिनलोपन सामुद्रधुनीतला अल्केफ्येलेट हा कडा जुलैत चुकवू नये. अग्निजन्य काळ्या खडकाचे सरळ खांब पाण्यातून वर गेलेले, आणि त्यांच्या फटींवर सगळी मिळून ब्रूनिख गिलेमॉट या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची सुमारे ६० हजार जोडप्यांची वस्ती. घरटं नाही, उघड्या दगडावर एकच अंडं. पिल्लू तीन आठवड्यांचं होताच, उडता येत नसताना, खाली समुद्रात उडी मारतं आणि बाप त्याच्यासोबत पोहत निघतो. खाली गल हे समुद्रपक्षी आणि आर्क्टिक कोल्हे टपलेले असतात. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या कड्यांपासून ५०० मीटरच्या आत जहाजांना पाच नॉटपेक्षा (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) जास्त वेग ठेवता येत नाही. डोक्यावर टोपी हवीच, वरून बरंच काही पडतं.

वॉलरसांची शिकार १९५२ मध्ये बंद झाली तेव्हा स्वालबार्डमध्ये ते जवळपास संपले होते, आता हजारोंनी आहेत. किनाऱ्यावर पहुडलेल्या कळपापासून मोटरबोटींना १५० मीटर लांब राहावं लागतं. कळप एकदम पाण्याकडे धावला तर लहान पिल्लं चिरडली जातात, म्हणून वाऱ्याची दिशा बघून जायचं आणि आवाज करायचा नाही.

कोंग्स फियॉर्डमधल्या नी-ओलेसुंडला जहाज थांबलं तर आपल्यासाठी खास गोष्ट आहे. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र तिथे आहे, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं. ते गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतं, आणि अंटार्क्टिकावरची 'मैत्री' व 'भारती' ही केंद्रंही तीच संस्था चालवते. २०१४ पासून याच फियॉर्डच्या पाण्यात भारताची निरीक्षण उपकरणं आहेत. केंद्रात जाता येत नाही, इमारत बाहेरून बघायची. गावात नाजूक रेडिओ उपकरणं असल्याने उतरण्याआधी फोन फ्लाइट मोडवर, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, घड्याळाचंसुद्धा. रस्ता सोडायचा नाही. रस्त्याकडेला आर्क्टिक टर्नची घरटी असतात आणि हा पक्षी डोक्यावर टोचे मारतो. हात डोक्याच्या वर उभा धरून शांतपणे पुढे चला, तो सर्वांत उंच भागावर हल्ला करतो.

रोजची वही

रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून दिवसभर काय पाहिलं याची उजळणी होते. तिला बसा आणि वहीत जागा, वेळ, प्राणी, संख्या लिहा. व्हेलच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो मिळाला तर 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर टाका, शेपटीवरच्या खुणांवरून तो एकच प्राणी पुढे कुठे दिसला ते जुळवतात. स्वालबार्डच्या पाण्यात दिसलेल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या नोंदी नॉर्वेची ध्रुवीय संस्था घेते. तारीख, वेळ आणि जहाजाच्या ब्रिजवरून विचारून घेतलेले अक्षांश-रेखांश असतील तर तुमची नोंद त्यांच्या उपयोगाची ठरते, म्हणून हे तिन्ही त्याच वेळी लिहून घ्या.